तीन गोळ्यांची लबाडी

माझ्या पाकिटात जवळजवळ दोन वर्षं एक कागद होता. ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे, घडी घालून. त्यावर तीन भोकं, एकमेकांना चिकटलेली, बेलाच्या पानासारखी. शंभर यार्डांवरून झाडलेल्या तीन गोळ्या. सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 0.6 इंच. आणि बंदूक ठासणीची. म्हणजे काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं. कोणी विषय काढला की मी पाकीट उघडायचो. कोणी नाही काढला तरी उघडायचो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका डॉक्टरबाईंनाही मी तो दाखवला आहे. त्या "अरे वा" म्हणाल्या आणि वळून पुढच्या माणसाशी बोलायला लागल्या.

आता त्या कागदाची लाज वाटते. कारण माझा धंदा मोजमापाचा. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी गेजेस बघतो. सप्लायरने तीन नग मोजून "माल ठीक आहे" असं लिहून पाठवलं तर मी त्याचा कागद परत पाठवतो, वर दोन ओळी खवचटपणे लिहितो. आणि स्वतःच्या बंदुकीबद्दल तीन नगांवर निकाल लावून मोकळा.

बंदुकीची ओळख करून देतो. ओहायोत मक्याच्या शेतांमध्ये एक जुना क्लब आहे, तिथे मी शनिवारी जातो. फक्त कागदावर मारतो, शिकार करत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्याकडून (निवृत्त टूल अँड डाय मेकर, मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणतो) मी सॅव्हेज 10एमएल-2 विकत घेतली. .50 कॅलिबर (म्हणजे अर्ध्या इंचाची नळी), बोल्टची, दिसायला चारचौघींसारखी शिकारी रायफल. फरक इतकाच की नळीखाली गज लटकलेला. आणि या बंदुकीत काळी दारू नव्हे, बिनधुराची दारू चालते. नॉर्थ कॅरोलायनातल्या हेन्री बॉल नावाच्या बंदूक-कारागिराच्या डोक्यातून हे निघालं, सॅव्हेजने 2000 च्या सुमारास ते बाजारात आणलं आणि दहाएक वर्षांनी बनवणं थांबवलं. पहिल्या आवृत्तीत प्रायमर (दारूला आग देणारी छोटी टोपी) एका छोट्या पोलादी कुपीत बसवून घालावा लागे. 10एमएल-2 मध्ये ती कुपी गेली, शॉटगनचा 209 प्रायमर थेट बसायला लागला. हल्ली या प्रकारच्या बंदुका बहुतेक हौशी लोक कारागिरांकडून करून घेतात, आणि त्यांची किंमत ऐकून माझी बायको गप्प होते. ती गप्प होणं चांगलं लक्षण नसतं.

खरं तर इतिहासात ही बंदूक बसतच नाही. शाळेत आपण 1857 च्या काडतुसांचं शिकलो. दाताने तोडायची, चरबीची. ती दाताने का तोडायची हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कारण एनफील्ड ही ठासणीची रायफल होती: कागदी पुडी फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी तिच्या चरबी लावलेल्या कागदासकट ठासायची. 1866 पासून ब्रिटिशांनी त्याच एनफील्ड कापून मागून भरायच्या करून घेतल्या. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने केली ती 1884 मध्ये, आणि ती वापरणारी लेबेल रायफल आली 1886 मध्ये. म्हणजे बिनधुराची दारू जन्मली तेव्हा सैन्यातली ठासणीची बंदूक निवृत्त होऊन पेन्शन खात होती. दोघींची गाठच पडली नाही.

मग शंभरावर वर्षांनी अमेरिकेत त्यांचं लग्न का लावलं? शिकारीच्या कायद्यांमुळे. बऱ्याच राज्यांत ठासणीवाल्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम असतो. हेतू असा की जुन्या पद्धतीने, एकच बार घेऊन, जवळ जाऊन शिकार करणाऱ्यांना रान जरा मोकळं मिळावं. लोकांनी हंगाम ठेवला आणि बंदूक बदलली. 1985 मध्ये मिझूरीच्या टोनी नाइटने एमके-85 आणली, प्रायमर सरळ दारूच्या मागे बसणारी, म्हणजे इनलाइन. तिथून हे घसरत घसरत दुर्बिणीचे स्कोप, गोळीभोवती बसणारे प्लास्टिकचे सॅबो आणि शेवटी बिनधुराच्या दारूपर्यंत आलं. काही राज्यांनी पाय रोवले. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा हंगाम अजून फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीने ठिणगी पाडणाऱ्या, बंदुकीचा आहे. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात स्कोप नाही, सॅबो नाही, बिनधुराची दारू नाही. इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी 1933 पासूनच्या राष्ट्रीय ठासणी संघटनेचे सामने होतात. तिथल्या माणसांना माझी बंदूक दाखवली तर ते नथ घातलेल्या पुरुषाकडे बघावं तसे बघतील. मला त्यांचं पटतं. ही पळवाटेतून जन्मलेली बंदूक आहे. पण पळवाटेतून जन्मलेल्या गोष्टीही कधी कधी मजेदार असतात.

मला ती का आवडली त्याचं कारण मात्र वेगळं, आणि ते ओहायोतलं नाही.

आमचं गाव सावंतवाडीपासून तासाभरावर. आजोकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीत आलं की रानडुकरं उतरायची. आजो माळ्यावर बसायचा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. डुकरांना आचारसंहिता नसल्यामुळे तेवढे दिवस पत्र्याचे डबे वाजवायचे. आजोचं दारूचं माप म्हणजे बांबूची कांडी. वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा. मागे केप, म्हणजे त्याचा प्रायमर. त्याच्या गजाला एका ठिकाणी काळा दोरा गुंडाळलेला होता. गज नळीत पूर्ण गेला की तो दोरा बरोबर तोंडाशी यायचा. जरा वर राहिला तर आजो पुन्हा ठासायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना विचारलं होतं, दोरा कशाला. तो म्हणाला, "गोळी दारूर बसाक व्हयी. मदी वारो ऱ्हवलो तर नळी फुटतली."

पस्तीस वर्षांनी ओहायोच्या त्या क्लबात आबांनी माझ्या हातात बंदूक दिली, गज नळीत घातला आणि नळीच्या तोंडाशी आलेल्या जागी मार्करने रेघ मारली. म्हणाले, प्रत्येक वेळी ही रेघ इथेच आली पाहिजे, नाही आली तर चापाला हात लावायचा नाही. मी तिथेच मनाने ती बंदूक विकत घेतली. पैसे पुढच्या आठवड्यात दिले.

इथे एक गोष्ट खणखणीत सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणू नये. साध्या ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू घालायची नाही. चिमूटभर नाही, "बघू तर" म्हणून नाही. काळी दारू मापाने, घनफळावर भरतात. बिनधुराची दारू त्याच मापाने भरली तर नळीतला दाब कुठल्या कुठे जातो आणि नळी फुटते. डावा हात तिथेच असतो. एकदा आमच्या रेंजवर एक तरुण पोरगा साधी इनलाइन बंदूक, पितळी माप आणि बिनधुराच्या दारूची बरणी घेऊन बसला होता. रेंज ऑफिसरची नजर बरणीवर गेली. त्याने अख्खी रेंज थांबवली, पोराच्या हातातून माप काढून घेतलं आणि पंधरा मिनिटं त्याच्याशी इतक्या हळू आवाजात बोलला की आम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. पोरगा पांढरा पडला होता. म्हणून किती दारू, कोणती दारू हे मी लिहिणार नाही. ते त्या त्या बंदुकीच्या पुस्तिकेतच बघायचं असतं.

बरं, अचूकपणा.

क्लबात नव्याने आलेल्या माणसाला वाटतं की दारू बिनधुराची म्हणून बंदूक अचूक. तसं नाही. 1860 मध्ये विम्बल्डनला इंग्लंडच्या नेमबाजी संघटनेच्या पहिल्या सामन्यांचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केलं ते व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून. बंदूक पक्क्या घोडीवर बसवलेली, अंतर 400 यार्ड, गोळी केंद्रापासून दीडेक इंचावर. ती बंदूक ठासणीची, नळी आतून षटकोनी, दारू काळी. म्हणजे धूर हा अचूकपणाचा शत्रू कधीच नव्हता. शत्रू आहे तो काजळी. काळ्या दारूत 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन कचरा म्हणून उरतो, थोडा धुरातून उडतो, बाकीचा नळीत बसतो. पुढची गोळी त्या थरावरून घासत खाली जाते. म्हणून काळ्या दारूवाले चांगले नेमबाज प्रत्येक गोळीनंतर ओल्या फडक्याने नळी पुसतात आणि दर वेळी तितक्याच वेळा पुसतात. माझा आजोही पुसायचा, फक्त त्याला दिवसात दुसरा बार काढायची वेळ क्वचितच यायची.

बिनधुराची दारू दोन गोष्टी देते. एक, नळी जवळजवळ स्वच्छ राहते, पुसण्याचं सोवळं संपतं. दोन, वेग. माझी बंदूक 250 ग्रेनची (साधारण 16 ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण 2,250 फुटांनी फेकते, त्यामुळे 200 यार्डांवर गोळी कमी खाली येते. बाकी अचूकपणा तुमच्या हातात. अगदी शब्दशः हातात, कारण काडतूस कारखान्यात तयार होऊन येत नाही. ते दर वेळी नळीच्या आत तुम्ही तयार करता. कारखाना तुम्हीच, कामगारही तुम्हीच, आणि इन्स्पेक्टर म्हणून जो माणूस उभा आहे तो कामगाराचा सख्खा भाऊ.

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की नोकरीत लावतो तोच नियम इथे लावायचा. तीनाचा ग्रुप बंद. दहा गोळ्या, एकच कागद, चुकलेली गोळी "माझ्यामुळे गेली" म्हणून वगळायची नाही.

जुलैतला पहिला दहाचा ग्रुप आला 3.4 इंच.

मी कागदाकडे बघत राहिलो. पाकिटात 0.6, समोर 3.4. आधी अर्थातच स्कोपवर संशय घेतला. माणूस स्वतःवर शेवटी येतो. स्क्रू तपासले, ठीक. मग वही काढून जुने सगळे तीन-तीनाचे ग्रुप लिहून काढले, चाळीसेक निघाले. त्यांची सरासरी 1.2 इंच होती. म्हणजे पाकिटातला कागद हा चाळीसातला सर्वांत नशीबवान कागद होता, दुसरं काही नाही. शिवाय ग्रुप म्हणजे टोकाच्या दोन भोकांतलं अंतर. गोळ्या वाढल्या की ते वाढू शकतं, कमी होणं शक्यच नाही. गणिताने बघितलं तर त्याच बंदुकीचा, त्याच हाताचा दहाचा ग्रुप सरासरीने तीनाच्या ग्रुपच्या सुमारे 1.6 पट येतो. 1.2 चे झाले 1.9. माझी बंदूक 1.9 इंचाची होती, 0.6 ची कधीच नव्हती.

पण मग 1.9 चे 3.4 कुठून झाले?

त्यातलं पहिलं कारण प्लास्टिक. .50 च्या नळीत मी .45 ची गोळी मारतो, मधे प्लास्टिकची टोपडी असते, तिला सॅबो म्हणतात. ती नळीच्या आतल्या पिळदार खाचा पकडते, गोळीला फिरकी देते आणि बाहेर पडल्यावर गळून जाते. नळी तापली की ती ठासतानाच मऊ पडते. जानेवारीत तीन गोळ्या मारल्या तर काही कळत नाही. जुलैत चौथ्या-पाचव्या गोळीपासून गज लोण्यात गेल्यासारखा जायला लागतो, आणि मी मूर्खासारखा "आज छान भरली जातेय" म्हणत होतो. पाच मिनिटं थांबणं पुरत नव्हतं. शेवटी कॅम्पिंगच्या गादीत हवा भरायचा बॅटरीचा पंप आणला, नळीत वारा सोडायला लागलो. हाताला नळी गार लागल्याशिवाय पुढची गोळी भरायची नाही. रेंजवरचे लोक आधी हसले, ऑगस्टमध्ये दोघांनी पंप मागून नेले. हल्ली काही जण सॅबो टाकूनच देतात, गोळी साच्यातून काढून नळीच्या खाचांत नेमकी बसेल अशी करून घेतात. मी अजून त्या वाटेला गेलो नाही.

दुसरं कारण माझा उजवा हात. रेघ तोंडाशी येते, म्हणजे गोळी बसली, हे खरं. पण किती जोराने बसली? घरातला वजनकाटा रेंजवर नेला, बंदुकीचा दस्ता त्यावर टेकवला, प्रायमर लावलेला नाही हे दोनदा बघितलं, तोंड नळीपासून लांब ठेवून ठासायला लागलो आणि शेजारच्या माणसाला आकडा वाचायला सांगितला. 38 पौंड, 61, 45, 52. डोळ्यांवर विश्वासच बसेना. मला वाटत होतं माझा हात यंत्रासारखा चालतो. दारूचे दाणे कमी-जास्त दाबले गेले की ती कमी-जास्त वेगाने पेटते. काटा ठेवून महिनाभर सराव केला, आता 45 च्या आसपास दोन-तीन पौंडांत येतो.

तिसरं कारण आबांनी पकडलं. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) दहा गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 90 फुटांचा फरक दिसत होता. शंभर यार्डांवर त्याने फारसं बिघडत नाही, पण 200 वर गोळ्या वर-खाली सव्वा-दीड इंच पसरतात, नुसत्या तेवढ्याने. आबांनी एकच विचारलं, प्रायमरची आग दारूपर्यंत जाते ते भोक शेवटचं कधी मोजलं? ब्रीच प्लगमध्ये, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचात, एक छोटा बदलता येणारा स्क्रू असतो, त्याला भोक साधारण 0.030 इंचाचं. बिनधुराच्या दारूची आग फार तिखट, ती हळूहळू ते भोक खाते. माझ्या कामाच्या ठिकाणी पिन गेजचे, म्हणजे भोकं मोजायच्या नेमक्या जाडीच्या पिनांचे, डबेच्या डबे. रोज सकाळी दुसऱ्यांची भोकं मोजतो. घरी पिन घालून बघितली तर 0.036 ची सहज आत गेली. नवा स्क्रू काही डॉलरचा. बसवला, वेगातला फरक 35 फुटांवर आला.

सप्टेंबरच्या एका शनिवारी, वारा नसताना, दहा गोळ्या मारल्या. एक तास पन्नास मिनिटं लागली, कारण मधे पंप. दहा गोळ्यांचा ग्रुप 1.7 इंच. जराही देखणा नाही. सात भोकं एकत्र, दोन डावीकडे, एक वर एकटं, पंगतीत जागा न मिळालेल्या माणसासारखं. ते एकटं सहाव्या गोळीचं आहे, आणि ती मारताना माझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं.

बेलाच्या पानाचा कागद पाकिटातून काढून वहीत चिकटवला, तो मारला त्या दिवशीच्या बाकी सगळ्या ग्रुपांबरोबर. 1.8 आणि 1.5 च्या शेजारी तो अगदी साधा दिसतो.

नवा कागद पाकिटात मावत नाही. त्याचा फोटो काढून गावी काकांना पाठवला. आजोची बंदूक आता त्यांच्या नावावर आहे, परवाना त्यांनी रीतसर करून घेतला. गजावरचा दोरा दोनदा बदलला असेल, जागा तीच. रात्री त्यांचा फोन आला. मी पंप, वजनकाटा, पिन गेज, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धा गोळये मारलंस, मगे डुकर खंय हा?"

मी म्हटलं, डुक्कर नव्हतं, कागद होता.

"मगे ठीक," काका म्हणाले. "हय परवा केलड्यांनी सगळो केळींचो घड खाल्ल्यानी. तू येशीत तेवा तो पंप घेवन ये." केलडी म्हणजे माकडं.

पंप कशाला, ते मी अजून विचारलेलं नाही.